शौकाच्या गाडीचा काटा आणि मोजून काम करणारा मिस्त्री

मोटार दुरुस्ती हा आपल्या समाजाच्या हाताला पिढ्यान्‌पिढ्या लागलेला हुनर आहे. मुंबईत कुर्ल्यात आणि भायखळ्यात, पुण्यात नाना पेठेत, त्याचप्रमाणे राज्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडच्या आसपास गॅरेजचे शटर वर गेले की आत एक उस्ताद आणि त्याचे दोन-तीन शागीर्द दिसतात, आणि त्यात आपली माणसे बहुतेक असतातच. २००६ सालच्या सच्चर समितीच्या अहवालातही, मुस्लिम कामगार मोठ्या संख्येने ज्या धंद्यांत आहेत त्यांमध्ये मोटारींच्या विक्री-दुरुस्तीचा उल्लेख आहे.

या धंद्याचा एक मोठा आधार मात्र गेल्या काही वर्षांत सुटला. ॲम्बॅसडर गाडीचे उत्पादन २०१४ साली बंद झाले. मुंबईची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली होती. टॅक्सीसाठी असलेली वीस वर्षांची मुदत भरल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उठली. ज्या मिस्त्रींनी उभी उमर पद्मिनीच्या कार्बोरेटरवर आणि डिस्ट्रिब्युटरवर घालवली, त्यांच्या हातचे काम तिच्याबरोबर गेले. नव्या गाड्यांना संगणक लावल्याशिवाय दोष कळत नाही आणि तो संगणक चालविणारी मुले वेगळी आहेत.

परंतु तीच पद्मिनी, तीच ॲम्बॅसडर, तीच विलीज जीप आणि त्याहून जुन्या मॉरिस व ऑस्टिन आता दुसऱ्या दाराने गॅरेजमध्ये येत आहेत. डॉक्टर, वकील, बिल्डर, परदेशातून परतलेले नोकरदार अशी मंडळी शौक म्हणून जुनी गाडी घेतात, ती रविवारी बाहेर काढतात, मुंबई-पुण्याच्या विंटेज रॅलीत नेतात, कधी ओळखीच्या घरच्या निकाहाला नवरदेवासाठी देतात. २०२१ साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल करून पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी सुरू केली. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीची ५,००० रुपये. अट अशी की वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे. या अटीमुळे आपल्या कारागिरांचा फायदाच आहे. जुना भाग फेकून नवा बसविणारा येथे कामाचा नाही. जुना भाग ओळखणारा, तपासणारा आणि जिवंत करणारा हवा.

या गिऱ्हाइकाची सर्वांत मोठी तक्रार एकच असते. "उस्ताद, काटा वर चढतोय." गाडी गरम होते. आणि नेमक्या याच ठिकाणी आपल्या धंद्यातील एक जुनी सवय आड येते.

व्हॉल्व्ह काढून टाकण्याची सवय

टॅक्सीवाल्याला गाडी संध्याकाळपर्यंत रस्त्यावर हवी असे. गाडी गरम होते म्हटले की मिस्त्री पहिला हात थर्मोस्टॅट व्हॉल्व्हला घालीत, तो काढून बाजूला टाकीत आणि झाकण पुन्हा बसवीत. गाडी त्या दिवशी थंड चाले. आपल्याकडे हवा गरम, मग या व्हॉल्व्हची गरजच काय, ही तो ते या विलायती बर्फाळ मुल्कासाठी केलेली चीज आहे, असा समज त्यातून रूढ झाला. आजही अनेक पद्मिनी आणि ॲम्बॅसडर खोलल्या की व्हॉल्व्हची जागा रिकामी निघते.

हा समज चुकीचा आहे. थर्मोस्टॅटचे काम इंजिन थंड करण्याचे नाही, ते ठराविक उष्णतेवर आणून तेथे ठेवण्याचे आहे. इंजिन गार असते तोवर तो बंद राहून पाणी ब्लॉकमध्येच फिरवतो. पाणी ठरलेल्या अंशावर आले की उघडून ते रेडिएटरकडे सोडतो. व्हॉल्व्ह नसेल तर हिवाळ्यातील सकाळी महामार्गावर धावणाऱ्या गाडीचे पाणी साठ अंशांच्या पुढे जात नाही. चोक जास्त वेळ ओढावा लागतो, पेट्रोल अधिक जाते, न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइल धुऊन टाकते आणि बोअर झिजतो. ऑइलमध्ये पाण्याचा अंश राहून झाकणाखाली मलईसारखा थर जमतो. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर चालणाऱ्या टॅक्सीला हे एक वेळ खपत असेल. पंधरवड्यातून एकदा दहा किलोमीटर फिरणाऱ्या शौकाच्या गाडीला हेच सर्वांत जास्त मारते, कारण ती कधी पुरती तापतच नाही.

यात आणखी एक पेच आहे. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याच्या खालच्या बाजूची बाही किंवा तबकडी बायपासचा रस्ता बंद करते. अशा इंजिनातून व्हॉल्व्ह काढला की बायपास कायमचा उघडा राहतो, गरम पाण्याचा मोठा भाग रेडिएटरकडे न जाता तसाच परत ब्लॉकमध्ये शिरतो, आणि गाडी थंड होण्याऐवजी जास्तच तापते. म्हणजे ज्या उपायाने आजार बरा व्हायचा, त्यानेच तो वाढतो. मग रेडिएटर खोला, वॉटर पंप बदला, हेड उतरवा, असा खर्च सुरू होतो. पद्मिनीचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. ते एकदा तापून वाकले की घासून सपाट करावे लागते आणि असे घासणे दोन-तीन वेळांच्या पुढे जमत नाही. टॅक्सीच्या दिवसांत दुसरे हेड बाजारात सहज मिळे. आज एकेक हेडसाठी लोक भंगार बाजार पालथे घालतात.

हेही लक्षात असू द्यावे की सर्वच जुन्या गाड्यांना थर्मोस्टॅट नव्हता. फोर्ड मॉडेल टी आणि १९३० च्या दशकातील मॉरिस एट या गाड्यांत गरम पाणी हलके होऊन वर जाते आणि थंड पाणी खाली येते, एवढ्याच तत्त्वावर पाणी फिरत असे. अशा गाडीत थर्मोस्टॅट शोधत बसू नये. तेथे पाण्याची पातळी वरच्या होज पाईपच्या तोंडाखाली गेली की फिरणेच थांबते, आणि गाडी गरम होण्याचे कारण बहुधा तेवढेच असते.

आधी काट्याची चौकशी

काटा वर गेला म्हणजे इंजिन गरम झाले असे धरून चालणे ही पहिली घाई. चाळीस-पन्नास वर्षांचा मीटर, त्याची वायर, ब्लॉकवरील सेंडर आणि अर्थ, या चौघांपैकी कोणीही खोटी साक्ष देऊ शकतो. म्हणून पान्याला हात लावण्यापूर्वी काटा खरा आहे की नाही ते ठरवावे.

मीटर कोणत्या जातीचा आहे ते आधी पाहावे. अगदी जुन्या गाड्यांत, १९१० आणि १९२० च्या दशकांत, रेडिएटरच्या झाकणावरच एक थर्मामीटर बसवीत. बॉइस मोटोमीटर हे त्यांतले प्रसिद्ध नाव. तो पाण्यात बुडत नाही, पाण्यावरच्या वाफेची उष्णता दाखवतो, म्हणून त्याचा आकडा डॅशबोर्डवरील मीटरशी जुळवू नये.

दुसरी जात नळीच्या मीटरची. डॅशबोर्डमागून तांब्याची बारीक नळी निघून इंजिनापर्यंत जाते आणि तिच्या टोकाला धातूची छोटी कुपी असते. आत ईथरसारखा झटकन वाफ होणारा द्रव असतो, त्याच्या दाबाने काटा फिरतो. यात वायर नाही, बॅटरी नाही. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपमध्ये असाच मीटर होता. (जीपचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. भारतात जीप आणणाऱ्या महिंद्र कंपनीची स्थापना १९४५ साली झाली तेव्हा तिचे नाव 'महिंद्र अँड मोहम्मद' होते. त्यांतील गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ मध्ये इकडे कंपनीचे नाव बदलले.) नळीचा मीटर तपासायचा तर कुपी इंजिनातून काढून गरम पाण्याच्या पातेल्यात सोडावी, शेजारी काचेचा थर्मामीटर धरावा आणि दोघांचे आकडे ताडून पाहावेत. नळी दुमडू नये, ओढू नये. तिला चीर गेली की द्रव उडून जातो आणि काटा कायमचा थंडावर बसतो. ती दुरुस्त होते, पण ईथर हा भडकणारा पदार्थ आहे. ज्याला त्या कामाची सवय नाही त्याने गॅरेजमध्ये वेल्डिंगच्या शेजारी हा प्रयोग करू नये.

तिसरी आणि आपल्याकडे सर्वांत जास्त भेटणारी जात विजेच्या मीटरची. ब्लॉकवर किंवा हेडवर सेंडर असतो. त्याच्या आतील घटकाचा विद्युत विरोध उष्णता वाढली की कमी होतो, त्यामुळे प्रवाह वाढतो आणि काटा चढतो. याची परीक्षा दोन मिनिटांची आहे. चावी चालू करावी आणि सेंडरची वायर काढावी. काटा थंडावर पडला पाहिजे. मग तीच वायर क्षणभर ब्लॉकला टेकवावी. काटा गरमकडे चढू लागला पाहिजे. तो चढू लागताच वायर काढून घ्यावी, जास्त वेळ टेकवली तर मीटर जळण्याचा संभव असतो. ज्यांना भीती वाटते त्यांनी मध्ये पार्किंगचा छोटा दिवा जोडावा. या दोन्ही परीक्षांत काटा बरोबर हलला तर मीटर आणि वायर शाबूत आहेत, संशय सेंडरवर. वायर काढूनही काटा गरमावरच राहिला तर वायर कोठेतरी सोलून बॉडीला लागली आहे. एक सावधगिरी अशी की १९३०-४० च्या काही अमेरिकन गाड्यांत, विशेषतः फोर्डमध्ये, चावी बंद असताना काटा 'हॉट'वर बसलेला असतो. त्या मीटरचा हिशेब उलटा असतो. त्याची वायर थेट ब्लॉकला लावू नये.

सेंडर पातेल्यात तपासता येतो. मल्टिमीटरची एक तार त्याच्या टोकाला, दुसरी त्याच्या पितळी अंगाला लावावी आणि पाणी तापवीत जावे. थंड पाण्यात विरोध जास्त, उकळत्या पाण्यात अगदी कमी. आकडे कंपनीगणिक वेगळे असतात, पण घसरण सलग असली पाहिजे. मध्येच उडी मारणारा सेंडर टाकून द्यावा. बसविताना आट्यांवर पांढरी टेप गुंडाळण्याची सवय नव्या मुलांना असते. सेंडरला अर्थ त्याच आट्यांतून मिळतो. टेपचा जाड थर दिला की अर्थ कमजोर होतो आणि काटा खरा आकडा सोडून खाली राहतो. गिऱ्हाईक खूष होते की गाडी थंड चालते आणि आत इंजिन शिजत असते.

१९६० नंतरच्या ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांत डॅशबोर्डमागे एक छोटी डबी असते, व्होल्टेज स्टॅबिलायझर नावाची. ती बॅटरीचे बारा व्होल्ट तोडून-जोडून सरासरी दहाच्या आसपास ठेवते, आणि टेंपरेचर व पेट्रोल हे दोन्ही मीटर तिच्यावर चालतात. तिचा अर्थ सुटला की दोन्ही काटे वर चढतात. म्हणून गाडी गरम असल्याची तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला एक प्रश्न जरूर विचारावा: पेट्रोलचा काटाही हल्ली जास्त दाखवतो का? उत्तर हो आले तर रेडिएटरकडे जाण्याचे कारण नाही. एक स्क्रू साफ करून घट्ट केला तरी काम होते.

आता सर्वांत धोक्याची गोष्ट. काटा वर चढला होता आणि अचानक खाली आला, तर अनेक चालक निःश्वास टाकतात. तो क्षण खरे पाहता गाडी ताबडतोब थांबविण्याचा असतो. सेंडर पाण्यात बुडलेला असतो तोवरच तो पाण्याची उष्णता सांगतो. होज फाटून पाणी निघून गेले की तो हवेत किंवा वाफेत उघडा पडतो, त्याला उष्णता कमी पोचते आणि काटा उतरतो. इंजिन मात्र तेव्हा कोरडे तापत असते. घाटात गाडी चढवणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ही एक गोष्ट मिस्त्रीने तोंडी समजावून सांगावी, आणि शक्य असेल तर डॅशबोर्डवर चिठ्ठी चिकटवावी. खंबाटकीच्या चढावर हेड गेले तर ते हेड मिळवायला सहा महिने लागतात.

पातेल्याची परीक्षा

काटा खरा ठरला, इंजिन खरोखर गरम होते असे निघाले, की मग थर्मोस्टॅटकडे वळावे. न खोलता त्याची एक चाचणी हाताने होते. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करावी आणि वरचा होज पाईप अधूनमधून चाचपावा. हात आणि बाही पंख्यापासून दूर ठेवावी. थर्मोस्टॅट ठीक असेल तर काही मिनिटे होज गारच राहतो आणि मग एकाएकी गरम होतो. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर व्हॉल्व्ह नाही किंवा उघडाच अडकला आहे. काटा गरमावर गेला तरी होज गार राहिला तर व्हॉल्व्ह बंद अडकला आहे, किंवा आत हवा कोंडली आहे, किंवा पंपाची पाती खाऊन गेली आहेत. रेडिएटरचे झाकण मात्र गरम गाडीत कोणी उघडू नये. किती हात आणि किती चेहरे त्यात भाजले, याचा हिशेब प्रत्येक गॅरेजच्या आठवणीत आहे.

व्हॉल्व्ह बाहेर काढल्यावर त्याच्या अंगावर कोरलेला आकडा वाचावा. ७४, ८२, ८८ असे आकडे भेटतात. ब्रिटनच्या बीएमसी कंपनीच्या गाड्यांना गरम मुलखासाठी ७४, साधारण हवेसाठी ८२ आणि थंड मुलखासाठी ८८ अंशांचा व्हॉल्व्ह दिला जाई, आणि ॲम्बॅसडरचे जुने १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन त्याच घराण्यातले आहे. म्हणजे कंपनीने गरम मुलूख लक्षात घेतलाच होता. तिने व्हॉल्व्ह काढायला सांगितले नव्हते, कमी अंशाचा लावायला सांगितले होते.

व्हॉल्व्हच्या आत पितळेच्या कुपीत मेण भरलेले असते. मेण वितळताना फुगते, एका दांडीला ढकलते आणि झडप उघडते. ही मेणाची युक्ती १९३० च्या दशकात अमेरिकेत सर्जियस व्हर्नेट यांनी काढली. त्याहून जुने व्हॉल्व्ह भात्यासारखे असतात, पातळ पितळी घड्यांत द्रव भरलेले. दोघांच्या मरण्यात फरक आहे. भाता फुटला तर झडप बहुधा उघडी राहते, गाडी गार चालते. मेणाचा व्हॉल्व्ह मेला तर तो बंद राहण्याचा संभव जास्त, आणि गाडी उकळते.

परीक्षेला लागते काय? एक पातेले, स्टोव्ह, थोडी तार, धागा, आणि चांगला काचेचा थर्मामीटर. गार व्हॉल्व्हची झडप बोटाने थोडी उघडून तिच्यात धागा अडकवावा आणि त्या धाग्यानेच व्हॉल्व्ह पाण्यात टांगावा. तो पातेल्याच्या तळाला टेकता कामा नये, कारण तळ पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो. थर्मामीटरही तळापासून वर, व्हॉल्व्हच्या शेजारी असावा. पाणी हळूहळू तापवावे, ढवळत राहावे. ज्या अंशाला झडप उघडू लागते त्या अंशाला धागा सुटतो आणि व्हॉल्व्ह टपकन पाण्यात पडतो. तो आकडा लिहून घ्यावा. कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश इकडेतिकडे असेल तर चालते. मग तारेने व्हॉल्व्ह वर धरून आणखी दहा-बारा अंश तापवावे आणि झडप किती उघडते ते पट्टीने मोजावे. सात-आठ मिलिमीटर उघडली तर ठीक. नुसती फट पडून राहिली तर तो व्हॉल्व्ह सपाट रस्त्यावर निभावून नेईल आणि घाटात दगा देईल. शेवटी स्टोव्ह बंद करून पाणी निवू द्यावे. झडप पुन्हा पूर्ण बंद झाली पाहिजे. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात.

थर्मामीटर खरा आहे कशावरून? त्याचीही परीक्षा आहे. बर्फ-पाण्यात तो शून्य दाखवतो का पाहावे आणि उकळत्या पाण्यात किती दाखवतो ते पाहावे. येथे एक बारीक गोष्ट आहे. मुंबईत समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते, पुण्यात सुमारे ९८ ला, महाबळेश्वरला साडेपंच्याण्णवच्या आसपास. पुण्याच्या मिस्त्रीचा थर्मामीटर ९८ दाखवत असेल तर तो थर्मामीटर बिघडलेला नाही. आणि ८८ अंशांचा व्हॉल्व्ह पुण्यात उघड्या पातेल्यात पुरता उघडलेला दिसला नाही तरी तो टाकून देण्याची घाई करू नये. तो पुरता उघडायला लागणारी उष्णता त्या पातेल्यात येतच नाही. गाडीत झाकणाच्या दाबामुळे पाणी त्याहून वर तापू शकते. सात पौंडांचे झाकण पाण्याचा उत्कलनबिंदू अकरा-बारा अंशांनी वाढवते. म्हणून सैल झाकण हेही गाडी उकळण्याचे कारण असते. मात्र बिनदाबाच्या जुन्या रेडिएटरला जोरदार झाकण लावले तर त्याचे डाग उकलतात.

आजकाल पिस्तुलासारखा थर्मामीटर हजार-पंधराशे रुपयांत मिळतो. बटण दाबले की लांबून उष्णता दाखवतो. चांगली वस्तू आहे, पण ती चकचकीत पितळेवर आणि ॲल्युमिनियमवर फसते, खऱ्यापेक्षा फार कमी आकडा दाखवते. ज्या जागी मोजायचे तेथे काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरावा. तरीही तो धातूच्या बाहेरच्या अंगाची उष्णता सांगतो. आतले पाणी त्याहून काही अंश जास्तच असते.

धंद्याची बाजू

या सगळ्यात लागणारे सामान दोन-अडीच हजार रुपयांच्या आत येते. जागा लागत नाही, मशीन लागत नाही. लागते ती बसून मोजण्याची तयारी. आणि मोजलेले कागदावर लिहिण्याची. शौकाच्या गाडीचा मालक हिशेबी असतो, वाचलेला असतो, पुस्तके चाळून आलेला असतो. "व्हॉल्व्ह खराब होता, बदलला" एवढे ऐकून त्याचे समाधान होत नाही. व्हॉल्व्ह ८२ चा, उघडला ९१ ला, उघडला तीन मिलिमीटर, असे कागदावर लिहून आणि जुना व्हॉल्व्ह त्याच्या हाती परत देऊन जो मिस्त्री पैसे मागतो, त्याच्याशी तो घासाघीस करीत नाही. तो दुसऱ्या चार मालकांना घेऊन येतो. हा शौक एकमेकांच्या शब्दावर चालतो.

तपासणीचे वेगळे पैसे घ्यावेत की नाही, यावर आपल्याकडे संकोच आहे. आपले मिस्त्री भागावर पैसे लावतात आणि अक्कल फुकट देतात. त्यामुळे भाग बदलला तरच कमाई, असे होऊन बसते आणि न बिघडलेले भागही बदलले जातात. गाडी आपल्या ताब्यात असते तोवर ती अमानत आहे. सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात कसर करणाऱ्यांना दिलेला इशारा आपण तराजूवाल्यापुरता समजतो. पण न मोजता "खराब आहे" सांगून पैसे घेणे हेही त्याच जातीचे आहे, असे मला वाटते. त्यापेक्षा तासाभराच्या तपासणीचे ठरलेले पैसे उघड सांगावेत आणि भाग चांगला निघाला तर चांगला आहे असे लिहून द्यावे. एका स्क्रूच्या अर्थने काम भागले तरी तपासणीचे पैसे हक्काचे असतात.

सुट्या भागांचे म्हणाल तर जुने सेंडर, मीटर आणि थर्मोस्टॅट मुंबईत चोर बाजारच्या मटण स्ट्रीटवर आणि कुर्ल्याच्या भंगार गल्ल्यांत अजून भेटतात. ते घेतानाही पातेल्याची परीक्षा हाच खरा कस. दहा जुने व्हॉल्व्ह एकदम आणून, घरी तपासून, आकडा लिहिलेली चिठ्ठी बांधून ठेवले तर तो स्वतंत्र व्यापार होतो. तपासलेल्या व्हॉल्व्हला न तपासलेल्यापेक्षा जास्त किंमत द्यायला हा गिऱ्हाईक तयार असतो. शागीर्दांमधील एखाद्या होतकरू मुलाला हेच काम सोपवावे. लेथवर हात बसायला वर्षे लागतात. पातेले, धागा आणि वही आठवड्यात हाती येते, आणि मुलाला मोजण्याची सवय लागते ती वेगळीच.

बसविताना

तपासलेला व्हॉल्व्ह पुन्हा बसविताना मेणाची कुपी इंजिनाच्या बाजूला, म्हणजे गरम पाण्यात असली पाहिजे. उलटा बसविलेला व्हॉल्व्ह वेळेवर उघडत नाही. त्याच्या कडेला छोटे भोक किंवा लोंबती पिन असेल तर ती वरच्या अंगाला घ्यावी, तेथून कोंडलेली हवा निघते. बैठकीवरचा जुना गॅस्केट आणि गंज पुरता खरवडावा, पण खरवडलेला कचरा आत पडू देऊ नये, आधी भोकात कपडा कोंबावा. नवा गॅस्केट जाड कागदाचा कापून चालतो. झाकणाचे नट आळीपाळीने आवळावेत, नाहीतर ॲल्युमिनियमचे झाकण तडकते.

बोअरचे खारे पाणी भरू नये. या गाड्या दिवसेंदिवस उभ्या असतात आणि क्षार व्हॉल्व्हच्या दांडीवर बसून तिला धरून ठेवतात. डिस्टिल्ड पाण्यात कुलंट मिसळून भरावे. हीटर असेल तर त्याचा नळ उघडा ठेवून, रेडिएटरचे झाकण काढून गार इंजिन सुरू करावे, बुडबुडे थांबेपर्यंत पाणी घालीत जावे, मग झाकण लावून गाडी एक फेरी फिरवून आणावी. पाण्याची पातळी त्याच दिवशी पाहू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन पूर्ण गार असताना पाहावी. पेला-दोन पेले पाणी कमी झालेले असेल, तेवढी हवा आत होती. ते भरून दोन दिवसांनी पुन्हा पाहावे. दुसऱ्यांदाही कमी झाले तर होजच्या क्लिपा आणि पंपाच्या खालचे भोक तपासावे. तेथे ओल दिसली नाही तर प्लग काढून एखादा वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ आहे का ते पाहावे. तसा निघाला तर पाणी हेड गॅस्केटमधून सिलिंडरमध्ये जात आहे, आणि मालकाला तसे त्याच दिवशी कळवावे.